तिरक्या चुण्या

"असुंता, हे कुणाचं?"

लेनी मागच्या खोलीच्या दारात उभा होता आणि त्याच्या हातात ब्राऊन पेपरवरचं एक कटिंग लोंबत होतं. शर्टाची बटणं नेहमीसारखी बेंबीपर्यंत उघडी, छातीवर सोन्याची साखळी, आणि अंगाला सेंटचा असा भपकारा की मी उठून खिडकी उघडली.

"कपाटातून काढलंस? त्या कपाटाला हात लावायचा नाही, हे तुला तुझ्या वडिलांनी तू चड्डीत होतास तेव्हाच सांगितलं होतं."

"डॅडींना जाऊन चार वर्षं झाली. कपाट माझं, दुकान माझं. तू फक्त सांग, हे कुणाचं?"

छप्पन्नाव्या रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर 'ग्लुक अँड सन' नावाचं दुकान आहे, ते हे. यातला सन म्हणजे हा लेनी. सांगायलाही लाज वाटते. म्हातारे हायमन ग्लुक आणि मी, आम्ही दोघांनी या मागच्या खोलीत एकतीस वर्षं नाचणाऱ्यांचे लिओटार्ड शिवले, म्हणजे सरावाला घालायचे अंगाला घट्ट बसणारे एकसंध कपडे. पोटासाठी नाचणाऱ्यांचे, हं. हौशा-नवशांसाठी बाहेर रॅकवर तयार माल लागलेला असायचा. मागच्या खोलीत यायची ती रोज सहा-सहा तास भिंतीवरच्या दांड्याला, बारला, धरून घाम गाळणारी मंडळी. आणि त्यांच्यातलं एकही शरीर सरळ नसतं. कुणाचं कंबरेचं एक हाड वर, कुणाची छाती एका बाजूला कमी, कुणाच्या फासळ्या पुढे आलेल्या. लोकांना वाटतं, बॅलेवाल्या म्हणजे मेणाच्या पुतळ्या. डोंबल! मी त्यांना कपड्यांशिवाय पाहिलंय. देवाने जे अर्धवट सोडलं ते आम्ही कापडाने पुरं केलं.

म्हणून या घराचा एक नियम होता. कटिंगच्या कागदावर नाव लिहायचं नाही. कोपऱ्याला भोक पाडून त्यात रंगीत दोऱ्याची गाठ मारायची, बस. कुठला दोरा कुणाचा, ते हायमनच्या डोक्यात आणि माझ्या डोक्यात. एकीच्या आईने दुसरीचा कागद वाचला आणि महिन्याभरात त्या दुसरीची नोकरी गेली, असं एकदा फार पूर्वी झालं होतं. तेव्हापासून गाठी.

लेनीच्या हातातल्या कागदाला हिरवी गाठ होती. म्हणजे नोरीन हॅलोरन.

नोरीन पंधरा वर्षांची असताना आईबरोबर याँकर्सहून आली. आई बाहेर सिगरेट ओढत बसली. पोरगी आत येऊन ब्लाउज काढून उभी राहिली आणि मी टेप गळ्यात अडकवून तिच्याकडे बघतच राहिले. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. पाठीचा कणा मधेच किंचित कलून पुन्हा सरळ झालेला. दुखणं काही नव्हतं; डॉक्टरने म्हणे सांगितलं होतं, आहे ते आहे, वाढायचं नाही. पण पाय असे की बाई, मी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. असे पाय दहा वर्षांत एखादीला मिळतात. आणि वर तो खांदा.

तीन आठवडे मी झटले. शेवटी डाव्या खांद्यापासून उजव्या कंबरेपर्यंत तिरक्या चुण्या घातल्या, गळाही त्याच बाजूने अंमळ चढवला. बघणाऱ्याची नजर त्या चुण्यांवरून आपोआप वर चढायची आणि दोन्ही खांदे एका रेषेत दिसायचे. साधी गोष्ट नव्हती ती. एखादी चूण अर्धा इंच इकडची तिकडे झाली की सगळं फसायचं. पहिल्यांदा तो घालून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा मी तिला म्हटलं, "हे कुणाला कळता कामा नये, पोरी. आईलासुद्धा नाही."

बारा वर्षं झाली त्याला. काळा, करडा, वाइनच्या रंगाचा, दरवर्षी दोन. पुढे ती मोठ्या कंपनीत लागली. स्टेजवरच्या पोशाखात आतून काड्या घातलेल्या असतात, तिथे काही दिसत नाही. आणि तिथल्या शिवणाऱ्या बायका आमच्याच पंथाच्या, मापं घेतात आणि तोंड शिवतात. धोका असायचा तो रोज सकाळच्या क्लासला, कारण कुणाला पुढे काढायचं ते तिथेच ठरतं. तिथे तिला माझ्या चुण्यांनी नऊ वर्षं सांभाळलं. नऊ वर्षं ती मागच्या रांगेत चोवीस जणींत उभी होती. आणि आता, सत्ताविसाव्या वर्षी, हिवाळ्याच्या नव्या बॅलेत तिला तीन मिनिटांचा एकटीचा नाच मिळायचं चाललं होतं. यादी सप्टेंबरात लागणार होती. या वयात एकदा नाव लागलं तर लागलं, नाहीतर मग याँकर्सला जाऊन लहान मुलींना पाय उचलायला शिकवायचं.

हे सगळं मला लेनीच्या हातातला कागद बघताना आठवलं. अगदी सगळं. 'भूल पडली' असं मला कधी म्हणता येणार नाही.

"हे चुण्यांचं जे काही आहे ना," लेनी म्हणाला, "ते जबरदस्त आहे. कुणी केलंय? कुठल्या बाहेरच्या डिझायनरने?"

फुकट गेलेलं कटिंग आहे, फेकून दे, असं म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं.

"माझं आहे," मी म्हणाले.

"तुझं? तू हे डोक्यातून काढलंस?"

"मग काय तुझ्या आजीने काढलं?"

"असुंता!" त्याने माझ्या दोन्ही गालांना हात लावले. मेल्याच्या बोटांत अंगठ्या. "एवढी वर्षं तू इथे काय करतेयस? तू कलावंत आहेस!"

हायमन ग्लुक एकतीस वर्षांत मला कधी 'छान' म्हणाले नाहीत. कापड उजेडाला धरून बघायचे आणि म्हणायचे, "चालेल." मी त्यावर खूश असायचे. आणि आता या सेंटच्या बाटलीने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही एकोणसाठाव्या वर्षी, गुडघ्यात वात असताना, भराभरा चढले.

जूनमध्ये तो माल बाहेर आला. चंदेरी, चमचमता, ताणलं की काचेसारखा चमकणारा. लेनीने त्याला नाव दिलं 'वीज'. त्या उन्हाळ्यात अख्ख्या शहराच्या अंगात बॅले शिरला होता, म्हणजे फक्त कपड्यांपुरता. ऑफिसला लिओटार्ड, त्यावर गुंडाळायचा स्कर्ट. बाजारात लिओटार्ड. नव्वद फॅरनहाइटच्या उन्हात पायांत लोकरीचे लांब मोजे, घोट्यावर गोळा करून. संध्याकाळी त्याच अवतारात डिस्कोला. ज्यांनी जन्मात कधी गुडघे वाकवून नीट उभं राहून बघितलं नव्हतं, त्या आमच्या दुकानात येऊन मान अशी लांब करायच्या की जणू पडदा आत्ता उघडणार आहे.

एक आली, दाताच्या डॉक्टरकडे कामाला होती. तोंडात च्युइंगम.

"मला ती वीज द्या. मी बॅले करते."

"हो का? किती वर्षं?"

"दोन मंगळवार झाले."

"मग टाइट्सही लागतील."

"टाइट्स कशाला? उघड्या पायांवरच घालतात ना?"

"बॅलेत?"

"अहो, डिस्कोत!"

ती ती वीज घालून बाहेर आली. नवरा खुर्चीत बसून बेगल खात होता.

"कशी दिसते मी?"

"जरा वाकडी दिसतेस गं."

"गप्प बसा. तीच फॅशन आहे."

नवऱ्याचं बरोबर होतं. चुण्या होत्या पडलेल्या खांद्याला उचलायला. सरळ बाईने त्या घातल्या की तिचा एक खांदा वर ओढल्यासारखा दिसायचा आणि दुसरा, उजवा, धाडकन खाली. मी दुपारी सँडविच घेऊन कोपऱ्यावरच्या बाकावर बसायचे आणि बघायचे. एक वाकडी गेली, मग दुसरी, मग दोघी हातात हात घालून. मनातून मला गुदगुल्या व्हायच्या. देवाने धड दिलेलं अंग पैसे मोजून वाकडं करून घेताय, घ्या! सगळ्या शहरात एका बाईला ते दिसलं नाही. आरशासमोर तासन्‌तास घालवायच्या, पण बघायचं म्हणून कुणी बघायचंच नाही.

जुलैत नोरीन आली. क्लासहून थेट, केस ओले, खांद्यावर पिशवी. मागच्या खोलीचं दार तिने स्वतः लावून घेतलं.

"मिसेस बी, तुमचं कपाट उघडं राहिलं होतं का?"

माझं आडनाव बार्बिएरी. नोरीन पहिल्या दिवसापासून मिसेस बी म्हणायची.

"लेनीने काढलं," मी म्हटलं. "चोरलंन् मेल्याने. मला कळलं तेव्हा माल शिवून झाला होता."

निम्मं खरं होतं.

"काल क्लासला तिघी जणी घालून आल्या होत्या." ती स्टुलावर बसली. "वाकड्या दिसत होत्या हो. आधी मला हसू आलं. मग घरी गेल्यावर झोपच लागली नाही. मिसेस डॉब्रिन सुट्टीहून आल्या आणि त्यांनी हे बघितलं तर?"

मिसेस डॉब्रिन म्हणजे कंपनीचा क्लास घेणारी बाई. यादी तीच करायची.

"बघितलं तर बघू दे. कुणाला काय कळतंय? डोळे असते तर या बायकांनी हे विकत घेतलं असतं का?"

"मी दुसरं काही घालू का? साधं?"

"इतकी वर्षं हेच घालतेयस. आज एकदम बदललंस तर लोक बघायला लागतील, असं काय झालं म्हणून. उलट आता तू चारचौघींसारखीच."

तिने माझ्याकडे बघितलं. पंधराव्या वर्षी बघायची तसंच, मी सांगेन ते खरं मानून.

"पण तुम्ही लेनीला सांगाल ना, बंद कर म्हणून? निदान सप्टेंबरपर्यंत. यादी लागेपर्यंत. नंतर काय वाटेल ते करू दे."

"आत्ता सांगते," मी म्हटलं. "वेळ पडली तर कान धरून सांगते."

आणि गेलेही मी. नोरीनची पाठ वळताच बाहेर गेले, लेनीच्या टेबलासमोर उभी राहिले. त्याला नोरीनबद्दल काही सांगता येणार नव्हतं. पण माझं डिझाइन आहे, मला नको आहे बाजारात, एवढं म्हणता आलं असतं. तोही बधला असता, कारण त्या दिवसांत तो मला फुलासारखा जपत होता.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "हे बघ, नवीन माल."

त्याने लिओटार्डचा गळा उलटा केला. आतल्या बाजूला पांढरी रेशमी पट्टी, आणि तिच्यावर निळ्या धाग्यात, वळणदार अक्षरांत, माझं नाव विणलेलं. 'असुंता'. खाली बारीक अक्षरात ग्लुकचं नाव.

मी बोट फिरवलं त्याच्यावरून. अक्षरं सुबक होती. माझी आई नेपल्सहून आली तेव्हा तिला सही येत नव्हती. माझ्या नवऱ्याच्या थडग्यावर त्याचं नाव आहे, खाली माझ्यासाठी रिकामी जागा सोडली आहे; बाकी माझं नाव कुठे लिहिलेलं मी बघितलं नव्हतं.

"तुला काही बोलायचं होतं?" लेनीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "टीप जरा कडक आहे. मानेला टोचेल. ढिली मारायला सांग."

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी लेनीने दुपारचा कार्यक्रम ठेवला. तेव्हा डिस्कोवाले रविवारी दुपारी चारला दारं उघडायचे, चहाचा नाच म्हणायचे, चहाचा थेंब नसायचा. काचेची जमीन, खालून दिवे, वर आरशाच्या तुकड्यांचा गोळा. चारशे माणसं. लेनीने बॅलेच्या कंपन्यांतल्या लोकांना खास बोलावलं होतं. आपल्या मालाला जरा घराणं चिकटावं म्हणून. आणि मला पहिल्या रांगेत, छातीवर ऑर्किड टोचून, बसवलं. शेजारी कोण, तर मिसेस डॉब्रिन.

काठी गुडघ्यांत धरून ती ताठ बसली होती. सत्तरीची असेल, पण पाठ खुर्चीला टेकत नव्हती. मी तिला पंचवीस वर्षं ओळखत होते. तिचेही लिओटार्ड कधीकाळी मीच शिवले होते; तिची गाठ जांभळी.

"असुंता, इथे कान फुटतील," ती म्हणाली. "आणि हे काय, फूल लावून बसलीस? तुझं लग्न आहे का?"

"लेनीने लावलं."

"त्याचा बाप चांगला होता गं. हे कसलं कार्टं निपजलं!"

आम्ही दोघींनी मिळून पंधरा मिनिटं त्या हॉलची अब्रू काढली. मला इतकी मजा कित्येक महिन्यांत आली नव्हती. एका सोनेरी पँटवाल्याकडे बघून ती म्हणाली, "हा बसला तर उसवेल." मी म्हटलं, "म्हणून तर उभा आहे." एक बाई पायाच्या अंगठ्यांवर उभं राहायचा प्रयत्न करत होती, मिसेस डॉब्रिनने डोळे मिटून घेतले. "यांना वाटतं, उंच व्हायचं म्हणजे टाच उचलायची." ती हसली की नाकातून हवा सोडायची, बाकी चेहरा हलायचा नाही.

मग संगीत वाढलं आणि सहा मुली वीज घालून काचेवरून चालत आल्या. सहाही उंच, सरळ, निवडून आणलेल्या.

"असुंता," मिसेस डॉब्रिन म्हणाली, "या पोरींचा उजवा खांदा का पडलाय?"

"उभं राहता येत नाही, दुसरं काय."

"सहाच्या सहा जणींना? तोच खांदा?"

मी माझ्या ऑर्किडची टाचणी नीट करायला लागले.

मुली परत आत गेल्या. थोड्या वेळाने त्याच मुली दुसरा माल घालून आल्या, साधे लिओटार्ड, खांद्यांवर बारीक पट्टे असलेले. मिसेस डॉब्रिन पुढे झुकली. खांदे सगळ्यांचे सरळ. ती एकेकीकडे बघत होती, क्लासमध्ये बघते तशी, पायांपासून वर. आता तिच्या नाकातून हवा येत नव्हती.

"आमची नोरीन हाच घालते," ती म्हणाली. "तिरका. माझ्याकडे आली तेव्हापासून."

"बऱ्याच जणी घालतात."

"आता घालतात. ती नऊ वर्षं घालते. आणि तिचे खांदे त्यात सरळ दिसतात."

"नोरीनला उभं राहता येतं," मी म्हटलं. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

मिसेस डॉब्रिनने माझ्या मानेमागे हात घातला. मला कळेना काय करतेय. लेनीने त्या दिवशी मलाही एक वीज घालायला लावली होती, काळी, वरून जाकीट. तिने गळा उलटा केला, पट्टी वाचली आणि परत नीट बसवली.

"हुशार आहेस तू, असुंता," ती म्हणाली. "मला नऊ वर्षं कळलं नाही. खरं सांगते, मी कुणाला एवढं मानत नाही."

काठी टेकत ती उठली आणि त्या धुमाकुळातून वाट काढत निघून गेली. चारशे माणसं होती तिथे. बघणारी एकच, आणि ती माझ्या शेजारी बसली होती, माझी तारीफ करत गेली. लेनीने मला हात धरून काचेवर नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पायांखाली लाल, मग हिरवे, मग पिवळे दिवे लागले. जन्मात कुणी मला एवढं नागडं केलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी नोरीन आली.

बाहेरच्या खोलीत गर्दी होती. ती रॅकजवळ उभी राहून तयार माल चाळत होती. साधे, काळे, बारीक पट्ट्यांचे. तीन काढले, घडी करून हातावर टाकले आणि मागे आली. दार तिने उघडंच ठेवलं.

"सोमवारी नोटीस लागली," ती म्हणाली. "क्लासला सगळ्यांनी साधं काळं घालायचं. स्कर्ट नाही, शाल नाही, लोकरीचं काही नाही. लोक म्हणाले, म्हातारीला डिस्कोचा राग आलाय."

"मग?"

"मग काय. मी एका मुलीकडून मागून घातलं. मिसेस डॉब्रिन माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बोलल्या काही नाहीत. पाठीवरून एक बोट फिरवलं, वरून खालपर्यंत." तिने पिशवी खाली ठेवली. "दुपारी बोलावलं. तीन मिनिटं माझी नाहीत. डिसेंबरपर्यंत मागच्या रांगेत राहायचं, पुढचा करार नाही. नऊ वर्षं फसवलंस म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. ते जास्त वाईट वाटलं."

"मी जाते त्यांच्याकडे. मी सांगते, दोष माझा आहे, पोरगी लहान होती—"

"नको."

"नोरीन, लेनीने चोरलं नव्हतं. त्याने विचारलं आणि मीच म्हटलं, माझं आहे."

"माहीत आहे, मिसेस बी. गळ्यात तुमचं नाव आहे."

तिने ते असं म्हटलं की जणू तापमान किती आहे ते सांगतेय. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मी तिच्याहून मोठ्याने ओरडून मोकळी झाले असते. आमच्याकडे तसंच करतात. पण ती ब्लाउज काढून आरशासमोर उभी राहिली आणि त्या तिनांतला एक अंगावर चढवायला लागली.

"पट्टे मापून द्या," ती म्हणाली. "आज क्लास दुपारी आहे, दीडला."

तयार मालाचे पट्टे पुढून शिवलेले असतात आणि मागून मोकळे, ज्याच्या त्याच्या खांद्याप्रमाणे टाचून टीप मारून द्यायची. मी टाचण्या तोंडात धरल्या. डावा पट्टा ओढला, टाचला. उजवा ओढला, टाचला. बाहेर कुणीतरी विचारत होतं, वीज मोठ्या मापात आहे का.

"डावा आखूड घेतलात," नोरीन म्हणाली.

मी बघितलं. घेतला होता. दोन बोटं. माझं लक्षही नव्हतं, हातांनी आपणहून केलं होतं.

"सारखे लावा."

"अगं, डावा उतरेल खांद्यावरून. दिसेल."

"दिसू दे."

"डिसेंबरपर्यंत रोज जाणार आहेस तू तिथे. रोज सगळ्यांसमोर. कशाला? मी असं बसवून देते की—"

"मिसेस बी." ती आरशातून माझ्याकडे बघत होती. "पंधराव्या वर्षापर्यंत मला माहीतच नव्हतं की हे लपवायचं असतं. खांदा खाली आहे, एवढंच माहीत होतं. मग तुम्ही म्हणालात, कुणाला कळता कामा नये. त्यानंतर मी आरशात पाय बघितलेच नाहीत. तुम्ही म्हणता ना, असे पाय कुणाला मिळत नाहीत? मी कधी बघितले नाहीत."

बाहेरून एक बाई दारात आली, हातात चंदेरी वीज. नोरीनकडे वरून खाली बघितलंन् आणि मला म्हणाली, "यांचं नीट बसलेलं नाही वाटतं. एक बाजू खाली गेलीय."

"तुम्ही बाहेर व्हा," मी म्हटलं. "आणि ते जे हातात आहे ना, ते घालून आरशात बघा. डोळे असतील तर."

ती गेली. मी टाचण्या काढल्या. दोन्ही पट्टे टेपवर धरून मापले, पुन्हा मापले, सारख्या जागी टाचले आणि नोरीनला उतरवायला लावून मशीनवर टीप मारली. तिने तो परत घातला आणि हात वर केला, गोल, बोटांच्या टोकांपर्यंत, क्लासमध्ये करतात तसा. डावा पट्टा दंडावर घसरला. तिने तो वर केला नाही. खाली आपल्या पायांकडे बघत ती तशीच उभी राहिली.

"बाकीचे दोनही असेच करा," ती म्हणाली.

मी दुसरा घेतला, टेबलावर पसरला आणि त्याचे दोन्ही पट्टे एकावर एक ठेवून, कडेला कड लावून, कापले.